गुलबर्ग्याची जामे मशीद : उगमाचा प्रश्न

गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, किल्ल्यातील जामे मशिदीचा उल्लेख निघाला की त्यापाठोपाठ कॉर्डोव्हाचे नाव येते. स्पेनमधील कॉर्डोव्हाच्या सुप्रसिद्ध मशिदीचा नमुना समोर ठेवून ही वास्तू उभारली गेली, हे विधान इंग्रजी वर्णनांतून आणि प्रवासमार्गदर्शिकांतून इतक्या वेळा आले आहे की, ते सिद्ध झालेले आहे असेच बहुतेक वाचक धरून चालतात. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतही ते शिरले आहे. वस्तुतः ह्या विधानास कोणत्याही लेखाचा, तवारिखेचा किंवा वास्तूच्या अंगप्रत्यंगाचा आधार नाही. तरीही ते टिकून राहिले, ह्याचे कारण असे की, ते एका खऱ्या अडचणीचे सोयीस्कर उत्तर आहे. गुलबर्ग्याच्या ह्या मशिदीसारखी दुसरी मशीद दक्षिणेत नाही. जिचे भावंड सापडत नाही तिचे गोत्र दूरदेशी शोधण्याचा मोह अभ्यासकांस व्हावा, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु गोत्र चुकले की वास्तू ज्यांनी घडविली ती माणसेही इतिहासातून पुसली जातात. ह्या प्रश्नाचे महत्त्व त्यात आहे.

प्रथम वास्तूचे स्वरूप पाहू जाता, तिचा विस्तार पूर्व-पश्चिम 216 फूट व दक्षिणोत्तर 176 फूट आहे. ही मापे जेम्स फर्ग्युसन ह्याने आपल्या 1876 सालच्या ग्रंथात दिली आणि तेव्हापासून तीच सर्वत्र उद्धृत होत आली आहेत. मोठ्या मशिदीस जे अंगण असावयाचे, आणि ज्याला सहन म्हणतात, ते येथे मुळीच नाही. सर्व जागा छपराखाली आहे. आतला भाग चौरस दगडी खांबांनी खणाखणांत विभागलेला असून प्रत्येक खणावर लहान घुमट आहे. अशा घुमटांची संख्या साठाहून अधिक भरते. चार कोपऱ्यांवर चार मध्यम आकाराचे घुमट आहेत. पश्चिमेस मिहराबेसमोर अनेक खणांची जागा एकत्र करून तीवर एक मोठा घुमट उभारला असून तो भोवतालच्या छपराच्या वर उचललेल्या चौकोनी बैठकीवर बसविलेला आहे. उत्तर, पूर्व व दक्षिण ह्या तीन बाजूंना एकेक दालन आहे आणि त्यांच्या कमानी हे ह्या वास्तूचे सर्वांत विलक्षण अंग होय. खांब बुटके; कमानीचा उगम जमिनीपासून थोड्याच उंचीवर; आणि गाळा मात्र अतिशय रुंद. पाहणाऱ्यास प्रथम ह्या कमानी जमिनीत रुतल्यासारख्या वाटतात. थोडा वेळ उभे राहिल्यावर कळते की, दालनाला लांबी देण्याची ती युक्ती आहे. आत उजेड येतो तो ह्याच कमानींतून. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. दगडी बांधकामावर चुन्याचा गिलावा, आणि जे काही सौंदर्य आहे ते सारे प्रमाणाचे व पुनरावृत्तीचे.

आता कॉर्डोव्हाकडे वळावे. तेथील मशिदीचा आरंभ पहिल्या अब्दुर्रहमानाने इ. स. 786 च्या सुमारास केला. पुढे नवव्या व दहाव्या शतकांत ती तीनदा वाढविली गेली. शेवटची वाढ अल्-मन्सूर ह्या वजिराने 987 नंतर केली. तिचे खांब एकसंध, गोल व सडपातळ असून त्यांतील पुष्कळसे जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले आहेत. ते आखूड पडत, म्हणून त्यांवर दुहेरी कमानींची रचना करावी लागली. ह्या कमानींत विटांचे तांबडे व दगडाचे पांढरे पट्टे आळीपाळीने घातले आहेत. खालची कमान नालाच्या आकाराची आहे. छप्पर लाकडी. समोर संत्र्याच्या झाडांसाठी आज प्रसिद्ध असलेले मोठे अंगण आहे. मिहराबेवरील काचमण्यांचे काम दहाव्या शतकात बायझंटाइन कारागिराच्या हाताखाली झाले. म्हणजे ती वास्तूही अनेक संस्कृतींच्या संगमातून निर्माण झालेली आहे, पण तो संगम भूमध्यसागराच्या काठचा आहे: रोम, सीरिया, बायझंटियम आणि स्पेनची स्थानिक परंपरा ह्यांचा.

ह्या दोहोंची तुलना केली असता समान काय उरते? एकसारख्या खणांची दूरवर जाणारी रांग, आणि तिच्यामुळे होणारा वनासारखा भास. एवढेच. गुलबर्ग्यास सडपातळ स्तंभ नाहीत, दुहेरी कमान नाही, नालाकार कमान नाही, लाकडी छप्पर नाही. आणि जे अंगण कॉर्डोव्हास आहे तेच नेमके येथे नाही. कालक्रमही प्रतिकूल आहे. कॉर्डोव्हा 1236 मध्ये कॅस्टीलच्या तिसऱ्या फर्डिनंडाच्या हाती पडले आणि मशिदीचे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झाले. गुलबर्ग्याच्या मशिदीचा म्हणून जो शिलालेख दाखविला जातो त्याचे वर्ष 1367, म्हणजे त्यानंतर 131 वर्षांनी. स्पेनमधून एखादा कारागीर येणे सर्वथा अशक्य होते असे नव्हे. त्याच शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दिल्लीस व दौलताबादेस येऊन गेलाच होता. परंतु माणूस येऊ शकतो ह्यावरून तो आला असे सिद्ध होत नाही, आणि येथे तर वास्तूच त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

शिलालेखाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. तो हिजरी 769 चा असून त्यात पहिल्या मुहम्मदशहा बहमनीच्या (1358–1375) राजवटीचा निर्देश आहे आणि रफी बिन शम्स बिन मन्सूर अल्-कझविनी हे नाव आले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हेग ह्यांनी गुलबर्ग्याच्या लेखांबरोबर तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून रफी हा वास्तुविशारद आणि तो इराणातील कझवीनहून आला, ही दोन अनुमाने जवळजवळ वस्तुस्थिती म्हणून मांडली जात आहेत. दोन्ही तपासून पाहण्याजोगी आहेत. अरबी व फारसी लेखांत 'बांधले' ह्या अर्थाचे क्रियापद ज्याने पैसा पुरविला त्यालाही लावतात आणि ज्याने ओळंबा धरला त्यालाही. आपल्याकडेही अमक्या राजाने देऊळ बांधले असे म्हणताना राजाने चुना कालविला असे कोणी समजत नाही. तेव्हा रफी हा दरबारातील एखादा अधिकारी असून बांधकाम त्याच्या आश्रयाने वा देखरेखीखाली झाले असणे तितकेच संभवते. दुसरे, कझविनी ही निसबत आहे. नगरकर आडनावाचा मनुष्य नगरात जन्मलेला असतोच असे नाही. त्याचा आजा किंवा पणजा तेथून निघालेला असू शकतो. लेखात रफीच्या बापाचे आणि आजाचे नाव दिले आहे, पण ह्या तिघांपैकी कझवीन प्रत्यक्ष कोणी पाहिले हे त्यावरून ठरत नाही.

अर्थात इराणचा संबंध नाकारावयाचा नाही. मिहराबेसमोर भव्य घुमट उभारून तो इतर छपरापासून स्पष्टपणे वेगळा काढण्याची कल्पना इराणात सेल्जुक काळापासून रुळलेली होती. इस्फहानच्या जामे मशिदीतील निझामुल्मुल्काचा घुमट इ. स. 1086–87 चा आहे. कझवीनच्या जामे मशिदीतही बाराव्या शतकाच्या आरंभीचा असा घुमट आहे. बहमनी राज्याचा इराणशी संबंध समुद्रमार्गे होता आणि त्याची दारे चौल व दाभोळ ही कोकणातील बंदरे होत. घोडे, विद्वान, कवी, लेखनिक आणि नशीब काढण्यास निघालेले शिपाई ह्याच वाटेने घाटावर चढत. दुसऱ्या मुहम्मदशहाच्या (1378–1397) कारकिर्दीत शिराझच्या हाफिझास दक्षिणेत येण्याचे निमंत्रण गेले आणि तो होर्मुझपर्यंत येऊन, वादळाचे भय घेऊन परतला, अशी कथा फिरिश्त्याने दिली आहे. ह्या कथेतील तपशील कसाही असो, तिच्यामागचा व्यवहार खरा आहे. कवीला बोलावणे जाऊ शकते तेथे वास्तूचा आराखडा जाणणारा मनुष्य येणे नवलाचे नाही.

परंतु आराखडा जाणणारा आणि इमारत उभी करणारा ह्यांत अंतर असते, आणि त्या अंतरातच दक्षिणेतील इस्लामी वास्तुकलेचा खरा इतिहास आहे. ह्या दृष्टीने विजापूरच्या करीमुद्दीनच्या मशिदीचे उदाहरण फार बोलके आहे. ही मशीद 1320 ची, म्हणजे बहमनी राज्याच्या स्थापनेपूर्वी 27 वर्षांची. तिच्या लेखात सालोटगीच्या रेवोया नावाच्या सुताराचा निर्देश आहे. मशीद खलजी सुभेदाराची. हात सालोटगीच्या सुताराचे. आणि खांब व तुळया मंदिररचनेच्या. दौलताबादच्या किल्ल्यातील 1318 ची मशीदही अशीच मंदिरांच्या स्तंभांवर उभी आहे. ह्या पहिल्या पिढीतील मशिदींत दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात, एकमेकींत मिसळलेल्या दिसत नाहीत. गुलबर्ग्याच्या मशिदीत जुन्या देवळाचा खांब वापरलेला नाही. येथे प्रत्येक खांब मुद्दाम ह्याच वास्तूसाठी घडविला गेला. खांब आणि तुळई ह्या रचनेत पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या पाथरवटांनी कमान आणि घुमट आत्मसात केले, ते मधल्या अर्धशतकात.

हे शिक्षण त्यांना कोठे मिळाले? उत्तर दिल्लीकडे जाते. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दौलताबादेस राजधानी आणली तेव्हा आलेल्या लोकांत केवळ उमराव व सूफी नव्हते. वरंगळ 1323 मध्ये जिंकल्यानंतर तेथे उभारलेला, खुशमहाल म्हणून ओळखला जाणारा दरबारी दिवाणखाना आजही उभा आहे. आत कलत गेलेल्या जाड भिंती आणि दालनाच्या रुंदीवर आडव्या टाकलेल्या मोठ्या कमानी ही त्याची लक्षणे शुद्ध तुघलक पद्धतीची होत. रुंद गाळ्याच्या कमानीचा धडा दख्खनने येथे गिरविला, असे म्हणण्यास हरकत नाही. दिल्लीतील खिडकी मशीद हीदेखील विचारात घेण्याजोगी आहे. फीरोझशहा तुघलकाच्या काळातील ह्या मशिदीत अंगण जवळजवळ छपराखाली गेले असून केवळ चार लहान चौक उघडे ठेवलेले आहेत. सर्व मशीद झाकण्याची कल्पना म्हणजे गुलबर्ग्यास आकाशातून पडलेली गोष्ट नव्हती. दिल्लीत त्याच पिढीत तिचा विचार चालू होता. बहमनी घराण्याचा संस्थापक हसन हा स्वतः तुघलकांचा सरदार होता. 1347 मध्ये त्याने बंड केले ते सुलतानाविरुद्ध. सुलतानाच्या कमानीशी त्याचे वैर नव्हते.

येथवर प्रश्न शैलीचा होता. अलीकडच्या संशोधनाने तो आणखी खोलवर नेला आहे. हेलेन फायलन ह्यांनी असे प्रतिपादन केले आहे की, ही वास्तू मुळात मशीद नसून फीरोझशहा बहमनीचा (1397–1422) हजार सुतून, म्हणजे सहस्रस्तंभी दरबार, असावी. हे मत प्रथमदर्शनी धाडसाचे वाटते, पण त्यामागील कारणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. शहराच्या जामे मशिदीत शुक्रवारी सर्व नागरिकांनी जमावयाचे असते. तशी मशीद गुलबर्ग्यास किल्ल्याबाहेर, शहाबाजारात, होती. विस्तीर्ण अंगण आणि पश्चिमेस घुमटांच्या अनेक ओळींचे सभागृह असे तिचे रूढ रूप आहे. मग दुसरी एवढी मोठी मशीद किल्ल्यात, राजवाड्याच्या परिसरात, आणि तीही अंगणाशिवाय, कशासाठी? तीन बाजूंच्या रुंद कमानी नमाजापेक्षा दरबारास अधिक शोभतात. सहस्रस्तंभी दिवाणखान्याची परंपराही बहमनींच्या ओळखीची होती. अलाउद्दीन खलजीचा हजार सुतून सिरीत होता. मुहम्मद तुघलकाच्या हजार सुतूनाचे वर्णन इब्न बतूतेने केले आहे. ह्या नावामागे इराणी राजसत्तेची जुनी स्मृती आहे. पर्सेपोलिसचे स्तंभगृह उद्ध्वस्त झाल्यावरही, राजाने स्तंभांच्या वनात बसावे ही कल्पना मेली नाही.

फायलन ह्यांचे मत ग्राह्य मानले तर दोन गोष्टी एकदम बदलतात. एक तर 1367 ची तिथी ह्या वास्तूस लागू राहत नाही. शिलालेख अन्य मशिदीचा ठरतो. शिला हलविता येते, इमारत येत नाही. म्हणून भिंतीत बसविलेल्या लेखापेक्षा भिंतीच्या रचनेची साक्ष अधिक वजनदार मानावी, हे पुरातत्त्वाचे सामान्य तत्त्व येथेही लागू पडते. परंतु बहमनी वास्तुकलेचा सबंध कालक्रम ह्या एका तिथीच्या आधारे मांडला गेला आहे. ती तीस-चाळीस वर्षांनी पुढे सरकली की, आजवर 'आरंभीची' म्हणून गणलेली अनेक लक्षणे प्रौढ काळातील ठरतात. दुसरे असे की, हिच्यासारखी दुसरी मशीद का नाही, ह्या जुन्या कोड्याचे उत्तर आपोआप मिळते. मशिदींत तिचे भावंड शोधणेच चुकीचे होते.

तथापि हे मत संपूर्णपणे स्वीकारण्यात अडचण आहे. वास्तूचा अक्ष पश्चिमेकडे, म्हणजे किब्ल्याकडे, आहे आणि सर्वांत मोठा घुमट नेमका तेथे आहे. सिंहासनासाठी घुमट योजला असे म्हणता येईल. परंतु सिंहासनाची दिशा आणि किब्ल्याची दिशा एकच निघावी हा योगायोग मोठा आहे. मशीद म्हणूनच योजना झाली, पण ती राजवाड्यातील मशीद असल्यामुळे तिने दरबाराचे रूप घेतले, हा पर्याय अधिक सरळ दिसतो. सुलतान, त्याचे उमराव आणि किल्ल्यातील शिबंदी एवढ्यांसाठीच जी मशीद आहे तिला हजारो नागरिकांचे अंगण नको होते. येथे शिष्टाचार, रांगा आणि जवळीक ह्यांना महत्त्व. त्यासाठी झाकलेले सभागृह अधिक योग्य. तिथीच्या बाबतीत मात्र फीरोझच्या कारकिर्दीकडे कल असणे हेच युक्त वाटते. ह्या सुलतानाने 1400 च्या सुमारास भीमेच्या काठी फीरोझाबाद हे नवे नगर वसविले, आणि तेथील अवशेषांतील बांधकामाची धाटणी गुलबर्ग्याशी जुळणारी आहे. चौलच्या व गोव्याच्या बंदरांतून तो दरवर्षी जहाजे पाठवी व देशोदेशींचे गुणी लोक आणवी, असे फिरिश्ता सांगतो.

फीरोझच्या काळातील दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. हफ्त गुंबद ह्या समूहातील त्याच्या स्वतःच्या दुहेरी कबरीवर छज्जा आहे आणि त्यास आधार देणारे कोरीव हस्त सरळ देवळाच्या परंपरेतील आहेत. दरवाज्यांच्या चौकटींचा घोटीव काळा दगड त्याच हातांनी घडविलेला दिसतो. गुलबर्ग्याच्याच लंगर मशिदीचे कमानदार छत बरगड्यांसारख्या पट्ट्यांनी विभागलेले आहे. ते पाहून कित्येकांस कार्ले-भाजे येथील चैत्यगृहांच्या लाकडी कड्यांची आठवण झाली आहे. चैत्यांपासून लंगर मशिदीपर्यंत अखंड परंपरा आली असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पण लाकडाचे रूप दगड-चुन्यात उतरविण्याची सवय ह्या भूमीतील कारागिरांना होती, एवढे खरे. ह्या वास्तूंत स्थानिक हात उघड दिसतो, कारण तो अलंकारात आहे. जामे मशिदीत अलंकारच नाही, म्हणून तेथे तो नाही असे समजले गेले. ही समजूत सर्वांत नुकसानकारक ठरली आहे. पाथरवटाचे कौशल्य केवळ वेलबुट्टीत शोधावयाचे नसते. बुटक्या खांबावर एवढ्या रुंद गाळ्याची कमान टाकणे, तिचा बाहेरच्या बाजूचा रेटा सांभाळणे, आणि कोपऱ्यात दोन दालने मिळतात तेथे वरच्या घुमटाचा भार अचूक वाहून नेणे, ही कामे आराखड्यावर नव्हे, पराचीवर सोडवावी लागतात. ती सोडविणारे लोक कझवीनहून जहाजाने आले नव्हते.

'संमिश्र शैली' हा शब्द अशा वास्तूंच्या वर्णनात सर्रास वापरला जातो आणि तो वापरताना इराणी घुमट, दिल्लीची कमान, दख्खनी दगड अशी वाटणी केली जाते. जणू तीन भांड्यांतील पदार्थ एकात ओतले. गुलबर्ग्याचा अनुभव निराळा आहे. येथे इराणी आकांक्षा दिल्लीच्या मार्गाने आली, दिल्लीची पद्धत वरंगळ व दौलताबाद येथे एका पिढीच्या हातांत मुरली, आणि त्या हातांना जेव्हा एक अपूर्व मागणी घातली गेली तेव्हा त्यांनी जे केले ते पूर्वी ह्यांपैकी कोठेही झालेले नव्हते. ह्या साखळीत कॉर्डोव्हाची गरज कोठेच भासत नाही.

फीरोझनंतर अहमदशहाने राजधानी बीदरला नेली. 1423–24 च्या सुमाराची तेथील सोळखांबी मशीद पाहिली तर चौरस खांब जाऊन जाड गोल खांब आलेले दिसतात, आणि घुमटांच्या रांगेपुढे अंगणाची मांडणी पुन्हा आलेली दिसते. दीडशे वर्षांनी विजापुरास अली आदिलशहाने जामे मशीद बांधावयास घेतली, तीही अंगणासहित. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील प्रयोग एकटाच राहिला. राजवाड्याची वस्ती उठली, बालाहिसाराभोवतीच्या इमारती पडल्या, आणि दरबारी परिसराचा संदर्भ गेल्यावर उरलेली ही एकच प्रचंड वास्तू पुढच्या पाहुण्यांस परदेशी वाटू लागली.